पुढच्या काचेचा हिशेब

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. (पुण्याहून भाचीचा फोन आला, "मावशी, ब्लॉग बंद केलास का गं?" नाही बाई, आहे अजून!) आजचा विषय जरा रुक्ष आहे, गाडीच्या पुढच्या काचेचा. पण ज्यांची नातवंडं व्हॅननं शाळेत जातात त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

गेल्या मे महिन्यात आम्ही दोघं कराडहून साताऱ्याला लग्नाला निघालो होतो. उंब्रजच्या अलीकडे आमच्या पुढे खडीचा डंपर. शिगोशीग भरलेला आणि वर ताडपत्री नाही. ह्यांनी अंतर ठेवलं होतं, तरी एक खडा उडालाच. टक्क! काचेवर ज्वारीच्या दाण्याएवढा टवका. "काही नाही गं, काच शाबूत आहे," हे म्हणाले. डंपर पुढे निघून गेला, आम्ही लग्नात जेवलो आणि टवका विसरलो.

इथेच चुकलं. टवका एवढाच असतो तेव्हा काचवाले त्यात राळेसारखा एक द्रव भरतात आणि खास दिव्याखाली तो घट्ट करतात. पाचेकशे रुपयांत काम झालं असतं. आम्ही मात्र उन्हात तापलेल्या गाडीत बसायचं आणि लगेच एसी फुल्ल करायचा, असं महिनाभर चालवलं. मग एका खड्ड्यात गचका बसला, टवक्यातून तडा निघाला आणि दोन दिवसांत तो थेट ह्यांच्या डोळ्यांसमोर आला. आता नवीच काच. ५,४०० रुपये.

विमा एजंट म्हणाला, "काकू, क्लेम टाका. काचेला घसारा लागत नाही." खरं आहे ते. रबर-प्लास्टिकच्या भागांचे निम्मे पैसे कापतात, काचेचे कापत नाहीत. पण मी मराठीची बाई असले तरी शिक्षक कमी पडले की पाचवी-सहावीचं गणित माझ्याच गळ्यात यायचं. म्हणून वही काढली. पॉलिसीप्रमाणे पहिले १,००० रुपये आपले आपण भरायचे, म्हणजे हातात येणार ४,४००. आता दुसरी बाजू. आमचा नो क्लेम बोनस ५० टक्के झालेला. क्लेम केला की तो शून्य. मग पुन्हा वर्षावर्षानं २०, २५, ३५, ४५ असं चढत ५० वर यायचं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपुरता आमचा मूळ हप्ता सहा हजारांच्या आसपास. पहिल्या वर्षी सवलत जाणार ३,०००, मग १,८००, मग १,५००, ९००, ३००. बेरीज ७,५००! गाडी जुनी होते तसा हप्ता थोडा उतरतो, म्हणून साडेसहा हजार धरा. साडेचार हजारांसाठी साडेसहा घालवायचे? (जास्तीचे पैसे भरून बोनस राखणारं कलम ज्यांनी घेतलंय त्यांचं गणित वेगळं. पॉलिसी काढून बघा, नुसती कपाटात ठेवू नका.) पेन्शनमधून पैसे दिले, विषय संपला.

असं मला वाटलं होतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या. आमच्या गल्लीतल्या मुलांना न्यायला जी व्हॅन येते ती माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याची. एक दिवस फाटकात उभी होते तर बघते, व्हॅनच्या काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा आणि त्यावर चिकटपट्टी! आत अकरा मुलं. मी वर्गात असल्यासारखी ओरडले. तो खाली मान घालून ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "बाई, तुमचीबी महिनाभर तशीच हुती की."

काय बोलणार?

त्याचा विमा फक्त थर्ड पार्टी. कायद्याला तेवढा पुरतो, पण त्यातून स्वतःच्या गाडीची काच मिळत नाही. काचवाल्यानं ४,२०० सांगितले होते. शिवाय गाडी दिवसभर उभी. "येक दिस गाडी हुबी ऱ्हायली तर हप्ता कोण भरनार, बाई?"

तसं पाहिलं तर ही काच मोठी गुणी वस्तू. दोन काचांच्या मधे प्लॅस्टिकचा पातळ पडदा, त्यामुळे तडकली तरी तुकडे अंगावर येत नाहीत. बेनेडिक्टस नावाच्या एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या हातून १९०३ साली चंबू पडला, तडकला, पण विखुरला नाही. आत वाळलेल्या रसायनाचा थर होता. त्यावरून त्याला हे सुचलं म्हणतात आणि १९०९ साली त्यानं पेटंट घेतलं. त्यामुळेच लोकांना वाटतं, तडा गेला तरी चालतंय. पण पावसात, संध्याकाळच्या वेळी समोरून गाडी आली की तड्यावर उजेड फुटतो. माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायच्या आधी मला रस्त्यावरचे दिवे असेच फुटलेले दिसायचे. त्या डोळ्यांनी मी रस्तासुद्धा ओलांडत नव्हते. आणि हा अकरा पोरं घेऊन जातो.

४,२०० भागिले अकरा, ३८२ रुपये. दुपारीच चार घरी जाऊन आले. दोघींनी लगेच दिले. एकीनं "ह्यांना विचारून सांगते" म्हटलं. एक बाप म्हणाला, "धंदा त्याचा आहे, त्यानं बघावं." कायद्यानं त्याचं बरोबर आहे, मी भांडले नाही. पण याच मंडळींनी गेल्या वर्षी भाडं पन्नास रुपयांनी वाढवू दिलं नव्हतं. माझं मत विचाराल तर ही घासाघीस शेवटी गाडीच्या काचेवर, टायरवर आणि ब्रेकवरच येते. कापायला त्याच्याकडे दुसरं आहे काय? ताडपत्रीचे पैसे वाचवणाऱ्या डंपरवाल्याला मात्र कोणी काही विचारत नाही. त्याच्या खड्याची वर्गणी गोळा करत मी भर उन्हात फिरत होते, याचा राग अजून गेलेला नाही.

कमी पडले ते मी घातले. काच बसली. डिंक नीट धरेपर्यंत गाडी हलवायची नाही, दार आपटायचं नाही, असं काचवाल्यानं बजावलं. (आमच्या जुन्या फिएटला रबरात सुतळी घालून काच बसवायचे आणि लगेच चालवायचे. आता काच चिकटवतात.) त्या दिवशी आयांना मुलं स्वतः सोडावी लागली, त्याबद्दलही दोन शब्द मीच ऐकून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅन आली. काच लखलखीत आणि बरोबर मधोमध भला मोठा विठ्ठलाचा स्टिकर. मी तिथेच काढायला लावला. म्हटलं, खालच्या कोपऱ्यात लाव, विठोबाला तिथूनही दिसतं.