बोनेअरचा जमाखर्च

ह्यूस्टन येथे नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याने बोनेअर बेटाच्या आठ दिवसांच्या सफरीचे जे अंदाजपत्रक तयार करून माझ्याकडे तपासणीसाठी धाडले, त्यात विमानभाडे, गाडीभाडे, निवास, शिधा, हवेच्या टाक्या, साहित्याची डागडुजी अशी सारी कलमे जुन्या मामलेदार कचेरीतील एखाद्या कारकुनाला शोभेल अशा नेटकेपणाने मांडलेली होती, आणि अगदी तळाशी, बेटावर उतरणाऱ्या परक्या पाहुण्याकडून घेतला जाणारा ७५ डॉलरचा प्रवेशकर आणि समुद्रात उतरण्यासाठी भरावयाचे ४० डॉलरचे निसर्गशुल्क या दोन रकमांपुढे, शेऱ्याच्या रकान्यात, त्याने लिहिले होते : "मामा, तुम्ही जाऊन आला आहात. हे टाळता येईल का?" मुलगा कंजूष नाही, स्वकष्टाचा पैसा जपून खर्चावा ही आमच्या घराण्याची शिकवण त्याने सातासमुद्रापलीकडेही सांभाळली, याचा मला अभिमानच आहे. परंतु काटकसरीची कात्री जेथे मुळीच लावू नये तेथेच ती सर्वप्रथम लावण्याची बुद्धी त्याला व्हावी, याचे मात्र नवल वाटले, आणि त्याला उत्तर लिहिता लिहिता जे सुचत गेले ते, त्याच्यासारखेच हिशेब मांडणारे वाचक आता आपल्याकडेही पुष्कळ झाले असल्यामुळे, येथे देतो.

बोनेअर हे कॅरिबियन समुद्राच्या दक्षिण कडेला, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून अदमासे ८० किलोमीटरवर असलेले, २८८ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचे, निवडुंगांनी, शेळ्यांनी आणि मोकाट गाढवांनी व्यापलेले रूक्ष बेट. नेदरलँड्स अँटिलिस नावाचा जुना कारभार १० ऑक्टोबर २०१० रोजी मोडीत निघाला तेव्हापासून ते नेदरलँड्सच्या अमलाखालील एक खास नगरपालिका आहे. सरकारी दप्तर डच भाषेत चालते, बाजार पापियामेंतू बोलतो, आणि देवघेव २०११ पासून अमेरिकी डॉलरात होते. जमिनीवर पाहण्यासारखे थोडे. पाण्याखाली जे आहे ते तेथे असण्याचे कारण मात्र या जमिनीच्या रूक्षपणातच आहे. वर्षाकाठी पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, नदी एकही नाही, म्हणून समुद्रात गाळ नेऊन ओतणारे कोणी नाही. वारा बहुतेक सदासर्वदा पूर्वेकडून वाहणारा, म्हणून पश्चिम किनारा बेटाच्याच आडोशाला निवांत पहुडलेला. आणि किनाऱ्यालगतचा तळ इतक्या लवकर खोल जाणारा, की कमरेएवढ्या पाण्यातून निघून पन्नास-शंभर मीटर पोहले, की पायाखाली प्रवाळाचा उतार सुरू होतो. आपल्याकडे मालवणास ज्यांनी बुडी मारली असेल त्यांना याचे मोल चटकन उमगेल : तेथे होडी हवी, नाखवा हवा, हात धरून नेणारा पाणबुडा हवा, पावसाळ्याचे महिने वगळावे लागतात, आणि खाडीचा गढूळपणा केव्हा आडवा येईल याचा नेम नसतो. बोनेअरला होडीच लागत नाही. आणि सागरी सफरीच्या खर्चात सर्वांत जड कलम होडीचे असते, हे ज्याने एकदा ते बिल चुकते केले आहे त्याला सांगावयास नको.

या बेटावरील दिवसाचा क्रम असा : भाड्याच्या उघड्या हौद्याच्या गाडीत सकाळी चार टाक्या टाकाव्या, किनाऱ्याच्या रस्त्याने निघावे, आणि रस्त्याच्या कडेला पिवळा रंग दिलेला, वर स्थळाचे नाव लिहिलेला दगड दिसला की तेथे थांबावे. अशी नामांकित स्थळे ८० हून अधिक आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य स्थळी किनाऱ्यावरूनच उतरता येते. कोणाची वाट पाहावयाची नाही, कोणाच्या घड्याळाशी आपले घड्याळ जुळवावयाचे नाही, आवडले तर त्याच ठिकाणी दुपारी पुन्हा उतरावे, नाही आवडले तर पुढचा दगड गाठावा. उत्तरेकडे 'हजार पायऱ्या' नावाचे एक स्थळ आहे, जेथे प्रत्यक्षात पायऱ्या सत्तरच्या आसपासच आहेत. परंतु पाठीवर भरली टाकी घेऊन त्या उतरणारा हसत उतरतो आणि रिकामी घेऊन चढणारा नाव ठेवणाऱ्याच्या सचोटीविषयी शंका घेत नाही. या मोकळेपणालाच आमचा भाचा 'स्वतंत्र सफर' म्हणतो. मला त्या शब्दाविषयी आक्षेप नाही. मात्र तो पिवळा दगड आपल्या पायांनी चालत तेथे आलेला नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

त्या दगडामागे कायद्यांची एक दीर्घ मालिका उभी आहे. कासवांची अंडी व घरटी यांना १९६१ मध्ये संरक्षण मिळाले, भाल्याने मासे मारण्यास १९७१ मध्ये मनाई झाली, जिवंत वा मृत प्रवाळ तोडण्यास १९७५ मध्ये बंदी आली, आणि १९७९ मध्ये बेटाभोवतीचे व समोरच्या क्लाइन बोनेअर या उपबेटाभोवतीचे सारे पाणी, भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंत, सागरी उद्यान म्हणून जाहीर झाले. येथपर्यंतची हकीकत कोणत्याही सरकारी अहवालात शोभेल अशी आहे. खरा बोध पुढे आहे. उद्यान उभारण्यास जागतिक वन्यजीव निधीचे साहाय्य होते; ते आटले, तशी ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर उद्यानाची देखभालही आटली, आणि १९९१ मध्ये त्याचे पुनरुज्जीवन होईपर्यंत ते मुख्यत्वे कागदावरच राहिले. कायदा तोच होता, हद्द तीच होती, मनाई तीच होती. फक्त ती पाळली जाते की नाही हे पाहणाऱ्या माणसाचा पगार नव्हता. १९९२ पासून प्रत्येक पाणबुड्याकडून वर्षाला १० डॉलर वसूल होऊ लागले आणि उद्यान पुन्हा चालू लागले. आजचे ४० डॉलर हे त्याच दहा डॉलरांचे वाढलेले रूप. प्रवेशकराविषयी भाच्याशी वाद घालण्यास मी तयार आहे, कारण तो सरकारी तिजोरीत जातो आणि तिजोरीत गेलेल्या पैशाविषयी नागरिकाने साशंक असणे हे लोकशाहीत सदाचरणच होय. परंतु निसर्गशुल्काविषयी माझ्यापाशी वादाला जागा नाही. ज्या स्वस्ताईच्या जोरावर होडीवाल्याला दुरून नमस्कार करता येतो, ती स्वस्ताई किनाऱ्यालगतचा प्रवाळ जिवंत राहिल्यामुळेच शक्य झाली, आणि तो जिवंत ठेवण्याचा हा खर्च आहे. वर्षभराच्या मुदतीचा हा परवाना एका वेळच्या बऱ्याशा जेवणापेक्षा महाग पडत नाही.

पहिल्या बुडीपूर्वी नियमांची माहिती करून घेणे आणि एक परीक्षेची बुडी मारून दाखवणे तेथे सक्तीचे आहे. शंभर बुड्या खात्यावर असलेली मंडळी या सक्तीवर फार नाराज असतात. हातमोजे वापरावयास मनाई का, हेही त्यांना रुचत नाही. वास्तविक उत्तर सोपे आहे, की ज्याच्या हातात मोजा नसतो तो कशालाही हात लावण्यापूर्वी दोनदा विचार करतो.

पैशावरून गोष्ट निघाली म्हणून डॉन स्ट्यूअर्ट या गृहस्थाची आठवण देणे अप्रस्तुत होणार नाही. हा अमेरिकन १९६२ च्या मे महिन्यात आपल्या शिडाच्या जहाजातून बोनेअरला आला तेव्हा खिशात ६३ सेंट होते असे सांगितले जाई, आणि ते खरे असो वा खलाशाची बढाई असो, इतकी किफायतशीर कॅरिबियन सफर त्यानंतर कोणास साधलेली नाही. आरंभी शोभेचे मासे पकडून विकणारा आणि भाला चालवणारा हाच माणूस पुढे भाल्याच्या बंदीचा आणि नांगर टाकण्याऐवजी कायमच्या बोयांना होड्या बांधण्याच्या प्रथेचा कैवारी झाला. २०१४ मध्ये तो वारला.

आता कात्री कोठे लावावी ते सांगतो. पहिली जागा म्हणजे हंगाम. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत थंडीला कंटाळलेले युरोपीय व अमेरिकी लोक या बेटावर लोटतात आणि दर त्या मानाने चढतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात ते उतरतात. इतर कॅरिबियन बेटांवर हे महिने चक्रीवादळांच्या भयाचे असतात. बोनेअर त्या वादळांच्या नेहमीच्या मार्गाच्या दक्षिणेला पडते. अपवाद नाहीत असे नव्हे. १९९९ च्या नोव्हेंबरात लेनी हे वादळ उलट्या दिशेने, पश्चिमेकडून, आले आणि जो किनारा सदैव आडोशाला असतो त्यालाच त्याच्या लाटांनी झोडपले. तथापि या स्वस्त महिन्यांचा एक लाभ असा, की प्रवाळाचे प्रजनन साधारणतः याच काळात, आपल्या भाद्रपदी पौर्णिमेनंतरच्या किंवा कोजागिरीनंतरच्या काही रात्रींत घडते : काळोखात, बत्तीच्या उजेडात, खडकासारखे निश्चल भासणारे प्रवाळ एकाएकी असंख्य गुलाबी मण्यांसारखे बीज पाण्यात सोडते, आणि ते संथपणे वर वर जाताना दिसते. महाग हंगामात येणाऱ्यास हे दृश्य कोणत्याही किमतीला मिळत नाही.

दुसरी जागा स्वयंपाकघराची. जवळजवळ सर्व जिन्नस जहाजातून येत असल्यामुळे बेटावरील वाणसामानही स्वस्त नाही, मग उपाहारगृहाची गोष्ट दूरच. शहराबाहेर, समुद्राचे दर्शन न होणाऱ्या, परंतु चूल असलेल्या खोल्या घ्याव्या. समुद्र दिवसभर पाहूनच झालेला असतो. एखादे दिवशी शेळीच्या मटणाचा स्तोबा आणि फुंची, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, मात्र बाहेर अवश्य खावी. कोकणी-देशस्थ कोणत्याही जिभेला ती परकी वाटणार नाही.

तिसरी जागा सांगताना मला स्वतःचे नाक कापून घ्यावे लागणार आहे. गाडीभाडे आणि 'अमर्याद हवा' असा जोडसौदा तेथे मिळतो; म्हणजे ठरलेल्या रकमेत हव्या तेवढ्या टाक्या. मी तो घेतला, आणि पंगतीत जिलबीचे ताट समोर येताच पैजेला बसणाऱ्या माणसासारखी माझी अवस्था झाली. पैसे वसूल करावयाचे म्हणून दिवसाला चार बुड्या मारल्या, संध्याकाळी वहीत नोंदी करताना कोणता मासा कोठे पाहिला हे आठवेना, आणि पाचव्या दिवशी कान इतका ठणकू लागला की उरलेले दोन दिवस किनाऱ्यावर बसून काढले. त्या सात दिवसांतील जे काही खरोखर स्मरणात राहिले, ते एकाच ठिकाणी तीनदा उतरल्यामुळे : एकाच दगडाखालचा तोच अष्टपाद, सकाळी झोपलेला, दुपारी शंख फोडणारा आणि रात्री रंग बदलत निघालेला. दोन बुड्यांपुरत्या सुट्या टाक्या घ्याव्या, असा माझा स्पष्ट सल्ला आहे, आणि तो स्वस्तही पडतो.

गाडी मात्र उंच आणि दणकट घ्यावी. टाक्यांचे वजन, खडीचे रस्ते आणि निवडुंगाचे काटे लहान गाडीला मानवत नाहीत. पाण्यात उतरताना ती कुलूपबंद करू नये. हे वाचून पुणेकर दचकतील, पण तेथील रिवाज असा, की काचा खाली, दारे उघडी आणि आत चोरण्याजोगे काहीही नाही. कारण गेलेल्या टॉवेलापेक्षा फुटलेल्या काचेची भरपाई जबर असते.

भाच्याच्या पत्रकात एक कलम मुळातच नव्हते : सोबती. स्वतंत्र सफर म्हणजे एकट्याची सफर नव्हे. वाटाड्याचे पैसे वाचवताना त्याच्या ठिकाणी दुसरा कोणी, आपल्या टाकीवर नजर ठेवणारा आणि संकटात आपली हवा वाटून देणारा, असलाच पाहिजे. आणि पाण्याखालील अपघाताचा विमाही असला पाहिजे, कारण रक्तातील वायूच्या बुडबुड्यांवर उपचार करणारी दाबकोठी बेटावर असली तरी तिचे बिल विमा नसलेल्याने पाहू नये हेच बरे. सोबती आणि विमा का हवा याचे एक उदाहरण देतो : हिल्मा हूकर नावाचे ७२ मीटर लांबीचे गलबत दक्षिणेकडील किनाऱ्यासमोर सुमारे ३० मीटर खोलीवर उजव्या कुशीवर पडलेले आहे. पोटात चोरून आणलेला गांजा सापडल्यामुळे ते जप्त झाले, मालक कोणी पुढे येईना, आणि गळत गळत १२ सप्टेंबर १९८४ रोजी ते बुडाले. त्याच्या मोहाने, १८ मीटरपर्यंतचाच दाखला जवळ असलेले नवखे पाणबुडे किनाऱ्यावरून पोहत निघतात आणि तेथे अडवावयास कोणी नसते.

२०२३ पासून दगडी प्रवाळाची ऊती नष्ट करणाऱ्या रोगाने या बेटालाही गाठले असून, बुडीनंतर साहित्य निर्जंतुक करून धुणे हे आता प्रत्येकाचे कर्तव्य झाले आहे. जे प्रवाळ शतकानुशतके वाढले ते काही आठवड्यांत पांढरे पडलेले पाहणे क्लेशकारक आहे. अशा वेळी शुल्क टाळण्याची वाट विचारणे मला अधिकच अनुचित वाटते, हेही मी भाच्याला लिहिले.

शेवटचा दिवस कोरडा ठेवावा लागतो, कारण अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास विमानात बसू नये असा नियम आहे. या दिवसाला खर्च केवळ पेट्रोलचा. गाडी दक्षिणेकडे, मिठागरांच्या बाजूला न्यावी. गुलाबी पाण्यात रोहित उभे असतात, मिठाचे ढीग उन्हात डोळे दिपवतात, आणि समुद्राच्या कडेला दगडी झोपड्यांच्या रांगा दिसतात, ज्यांची दारे कमरेएवढी आहेत. मीठ उपसणाऱ्या गुलामांसाठी त्या १८५० मध्ये बांधल्या. कॅरिबियनमधील डच वसाहतींत गुलामगिरी संपली ती १८६३ मध्ये. ही माणसे आठवड्याच्या अखेरीस उत्तरेकडील रिंकॉन गावी बायकामुलांकडे सात तास चालत जात आणि तितकेच चालत परत येत. पांढऱ्या झोपड्यांपासून काही पावलांवर पिवळा दगड आहे. त्या दिवशी तेथे गाडी थांबवावी, टाकी हौद्यात नसावी.