उशिराला नशीब म्हणू नका

गेल्या वर्षी माझे मामा-मामी उमऱ्याला निघाले. रात्रीच्या महालक्ष्मीने मुंबई, तिथून जेद्दा. विमान नऊ तास उशिरा सुटलं. मामींना शुगर आहे. मी फोनवर विचारलं, जेवण दिलं का? म्हणाल्या, "मागितलं नाही बेटा. अल्लाहच्या घरी निघालोय, वाटेत भांडण कशाला?" अख्ख्या ग्रुपमधून एकानेही काउंटरवर तोंड उघडलं नव्हतं. ट्रॅव्हलवाल्या भाईंनी सगळ्यांना सब्र करायला सांगितलं होतं. भाई स्वतः कोल्हापुरात घरी झोपले होते.

मला कंपनीपेक्षा आपल्या ह्या सब्रचा जास्त राग आला.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमचा सर्व्हर करारात ठरल्यापेक्षा जास्त वेळ बंद पडला की क्लायंट बिलातून पैसे कापतो. तो चिडत नाही, नशिबालाही दोष देत नाही. करार उघडतो आणि कलम दाखवतो. विमानाचं तिकीट हाही करारच आहे. फक्त तो आपण कधी उघडत नाही. ग्रुपमध्ये तर तो आपल्या हातातही नसतो, एजंटच्या मोबाइलमध्ये असतो.

डीजीसीएचा नियम २०१० पासून आहे. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला, की जेवण-नाश्ता द्यायचा. लांबच्या उड्डाणाला ही मर्यादा तीन-चार तासांची. चोवीस तासांच्या वर गेलं, तर हॉटेल. वेळेत न कळवता उड्डाण रद्द केलं, तर उड्डाणाला लागणाऱ्या वेळेनुसार ५,००० ते १०,००० रुपयांपर्यंत भरपाई. तिकीट असूनही विमानात घेतलं नाही, तर २०,००० पर्यंत. वादळ, पूर, दंगल, संप अशी कारणं असतील तर भरपाई नाही, आणि ते मला मान्य आहे. जुलैत उजळाईवाडीला ढग उतरले तर त्यात कंपनीचा दोष नाही.

पण नुसत्या उशिरासाठी ह्या नियमात रोख भरपाईच नाही. युरोपात कंपनीच्या चुकीने तीन तास उशिरा पोचलात तर २५० ते ६०० युरो मिळतात, आपल्याकडे सँडविच. (व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा ६०० युरोंचा मेसेज कृपया पुढे पाठवू नका. तो कायदा युरोपातून सुटणाऱ्या किंवा युरोपीय कंपनीने तिकडे जाणाऱ्या विमानांना लागू आहे, मुंबई–जेद्दाला नाही.) परदेशी प्रवासासाठी मात्र माँट्रियल करार आहे. भारत त्यात २००९ मध्ये सामील झाला. उशिरामुळे झालेलं नुकसान सिद्ध केलं, तर काही लाखांपर्यंत मागता येतं. दुबईत नोकरीवर रुजू व्हायची तारीख हुकलेल्या पोराला हे कुणी सांगितलंय का?

कोल्हापूरकरांचा खरा घात होतो तो पुढचं विमान चुकल्यावर. उजळाईवाडीहून थेट आखात नाही. आधी मुंबई, हैदराबाद किंवा बेंगळुरू गाठायचं. दोन्ही उड्डाणं त्याच कंपनीची आणि एकाच तिकिटावर असतील, तर पुढची जबाबदारी तिची. हजार रुपये वाचवायला एजंटने दोन वेगळी तिकिटं काढली, की पहिली कंपनी हात वर करते. म्हणून पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारा : पीएनआर एकच आहे ना?

दोन तिकिटं असली तरी दार पूर्ण बंद होत नाही. ११ जून २०१६ ला अजमेर–जम्मू एक्स्प्रेस चार तास उशिरा पोचली आणि एका कुटुंबाचं श्रीनगरचं विमान चुकलं. रेल्वेचं तिकीट वेगळं, विमानाचं वेगळं. त्या माणसाने टॅक्सीचे १५,०००, बुकिंगचे १०,००० आणि मनस्ताप व खर्चाचेही पैसे मिळवले. रेल्वे एवढ्या रकमेसाठी सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये हरली. उशीर का झाला, तो आपल्या हाताबाहेर होता का, हे रेल्वेने दाखवायचं, असं कोर्ट म्हणालं. हाच प्रश्न विमान कंपनीला विचारायचा.

आता मित्र म्हणतात, "तुझं ठीक आहे. दाढीवाल्याने विमानतळावर आवाज चढवला तर बातमी वेगळीच होते." ही भीती खोटी नाही. मीही सुरक्षा तपासणीच्या रांगेत जरा जास्तच नम्र असतो. पण आवाज चढवायला सांगतंय कोण? लिहा. ई-मेलला दाढी नसते. नाव दिसेल, हो, पण त्याखाली कलमही दिसेल. बोर्डिंग पास जपा, उशीर दाखवणाऱ्या बोर्डाचा फोटो काढा, खाण्याची बिलं ठेवा, उशिराचं कारण लेखी मागा. आधी कंपनीला लिहा, मग ग्राहक आयोगाकडे जा. २०२० पासून तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे कोल्हापुरातच. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षं.

मामींच्या वतीने मी कंपनीला लिहिलं. दीड महिन्याने उत्तर आलं : 'ऑपरेशनल कारणांमुळे'. हे कारण नव्हे, कारण न सांगायची पद्धत आहे. मागच्या रविवारी आयोगाचा अर्ज घेऊन त्यांच्याकडे गेलो. मामींनी पेन हातात घेतलं आणि थांबल्या. "ह्याने उमऱ्याचा सवाब कमी तर होत नाही ना?"

मामा चहा पीत होते. म्हणाले, "दे इकडं. आधी मी करतो सही."