क्रूझचे रिव्ह्यू झाले असतील तर आता गोराईच्या बोटीचाही करू या

सुट्ट्या जवळ आल्या की बोरिवली-मुलुंडच्या ग्रुपांवर एक चर्चा ठरलेली असते. कॉर्डेलिया करावी की सिंगापूरला जाऊन रॉयल कॅरिबियन? जैन जेवण कुठे नीट मिळतं, बाल्कनीवाल्या केबिनचे जास्तीचे पैसे वसूल होतात का, वायफायचे वेगळे लावतात का? लोक हौसेने तक्ते बनवून टाकतात. त्यात वाईट काही नाही, पैसे मोजायचे तर तपासून घ्यावंच. (जाता जाता: कॉर्डेलियाची 'एम्प्रेस' ही मुळात १९९० साली रॉयल कॅरिबियनच्याच ताफ्यात आलेली बोट. २०२१ पासून ती मुंबईहून सुटते. म्हणजे अनेकदा भांडण एकाच घरातल्या जुन्या-नव्या बोटींचं असतं.)

माझं म्हणणं एवढंच आहे की हा तक्ता अर्धा आहे. याच उपनगरांतून रोज हजारो माणसं कामाला, शाळेला, बाजाराला बोटीने जातात. बोरिवली ते गोराई, मार्वे ते मनोरी, वर्सोवा ते मढ. त्या बोटींना तेच निकष लावून बघू या.

निकष पहिला, सुरक्षा. क्रूझवर पाऊल ठेवलं की आधी ड्रिल. जॅकेट कुठे, जमायचं कुठे, भोंगा वाजला तर काय करायचं. हा नियम फुकट आलेला नाही. १३ जानेवारी २०१२ ला इटलीत 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आपटली, ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल झालंच नव्हतं. त्यानंतर नियम कडक झाला: ड्रिल बोट सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या.

आणि आपल्याकडे? १८ डिसेंबर २०२४. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'वर इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची स्पीडबोट आदळली. धडक नौदलाच्या बोटीने दिली हे खरंच. पण 'नीलकमल'ची परवानगी ८४ प्रवासी आणि ६ खलाशांची होती, आणि बोटीत शंभराच्या वर माणसं होती. डझनाहून जास्त जीव गेल्यावर गेटवेला लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली तेव्हा सहाशेच्या वर माणसं गेली होती. मग इतक्या वर्षांनी जॅकेट घाला हे सांगायला पुन्हा माणसं मरावी लागली? आता एखाद्या रविवारी मार्वेला जा आणि मोजा, बोटीत किती जणांच्या अंगावर जॅकेट आहे.

निकष दुसरा, चढणं-उतरणं. बॅलार्ड पिअरला नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल झालं, सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधानांनी उद्घाटन केलं. वर्षाला १० लाख प्रवाशांची सोय होईल असं सांगितलं गेलं. व्हावी, आनंदच आहे. पण ओहोटीच्या वेळी निसरड्या उतारावरून स्कूटर ढकलत बोटीत चढवणारा माणूसही प्रवासीच आहे ना? टोपली घेतलेली मावशी, काठी टेकणारे आजोबा यांच्यासाठी धड कठडा, सावली, स्वच्छतागृह एवढं मागणं म्हणजे चैन आहे का?

निकष तिसरा, आणि आपल्या लोकांना सगळ्यात झोंबणारा: बोट थांबते कुठे? मुंबई-गोवा क्रूझ अख्ख्या कोकणासमोरून जाते. आपण डेकवर उभं राहून रत्नागिरीच्या दिशेने सेल्फी काढायचा, उतरायचं मात्र गोव्यात. एके काळी 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' या बोटी हर्णे, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला अशी माणसं उतरवत जायच्या. त्या काळाचं कौतुक मला सांगू नका. डेकवर कोंबलेली माणसं, बोट लागून ओकाऱ्या, भर समुद्रात पडावात उतरायचं, हे सगळं होतं. पण गावाला जाता येत होतं.

२०२५ च्या गणपतीसाठी रो-रो जाहीर झाली. बाप्पा आले तरी ती सुटली नव्हती. आणि जाहीर झालेलं सगळ्यात स्वस्त तिकीट होतं अडीच हजार. चौघांचं कुटुंब म्हणजे एका बाजूचे दहा हजार, गाडी न्यायची तर आणखी सहा हजार. हे भाडं नक्की कोणत्या चाकरमान्याला डोळ्यासमोर ठेवून ठरवलं?

आता कोणीतरी लिहीलच: "क्रूझ म्हणजे चैन, फेरी म्हणजे स्वस्तातला प्रवास, तुलना कशाला?" अहो, बुफेची तुलना कोण करतंय? स्वस्त तिकिटाला गरब्याचा कार्यक्रम मिळणार नाही हे सगळ्यांना कळतं. जीव मात्र दोन्हीकडे सारखाच असतो. दुसरा मुद्दा येईल की वर्सोवा-मढ पूल होणारच आहे. होऊ दे. तोपर्यंत रोज जाणाऱ्यांनी काय करायचं? शिवाय 'परवडत नाही' हेही पूर्ण खरं नाही. १५ मार्च २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो चालते. तासाभरात गाडीसकट पलीकडे, नीट बसून. म्हणजे याच समुद्रात, याच सरकारच्या हद्दीत जमतं. मग खाडीवर का जमू नये?

म्हणून महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आणि आपापल्या आमदारांकडे चारच गोष्टी मागू या.
१. प्रत्येक बोटीवर आणि धक्क्यावर प्रवासी संख्या मराठीत, मोठ्या अक्षरांत.
२. बोट सुटण्याआधी माणसं मोजायची, जास्त असतील तर उतरवायची.
३. गेटवेसारखीच जॅकेटची सक्ती, लहान मुलांच्या मापाचीसुद्धा.
४. कोकणच्या बोटीत सामान्य माणसाला परवडेल असा एक वर्ग.

आणि क्रूझचे तक्ते बनवणाऱ्यांना मनापासून विनंती. तुमची नजर बारीक आहे, चमच्यावरचा डागसुद्धा तुमच्या नजरेतून सुटत नाही. एक रविवार काढा, गोराईला जाऊन या आणि तसाच रिव्ह्यू टाका, फोटोसकट. कमेंटमध्ये आपापल्या धक्क्याचं नाव लिहा, यादी करून पुढे पाठवू.