परवाने वेगळे, वेळा वेगळ्या. यकृत मात्र एकच

"दारू घेता का?" या प्रश्नाला बरेच रुग्ण "नाही" म्हणतात. थोडे खोदून विचारले की मग "बिअर घेतो कधीतरी, पण दारू नाही" असे उत्तर येते. बिअर-वाइन म्हणजे दारू नव्हे, हा गैरसमज आपल्याकडे पक्का बसलेला आहे. सरकारी परवान्यांच्या पद्धतीने तो नकळत वाढवला आहे, असे माझे मत आहे.

महाराष्ट्रात मद्यविक्रीचे परवाने निरनिराळे आहेत. 'एफएल-२' म्हणजे वाइन शॉप. नावात वाइन असली तरी तिथे व्हिस्की, रम सगळेच मिळते. 'एफएलबीआर-२' म्हणजे बिअर शॉपी. तिथे बिअर आणि वाइनच मिळते. ही दुकाने साधारणपणे रात्री १०.३० ला बंद होतात. 'एफएल-३' म्हणजे परमिट रूम. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत ती रात्री १.३० पर्यंत आणि इतरत्र ११.३० पर्यंत चालते. बिअर-वाइनसाठी वयाची अट २१ वर्षे, तर व्हिस्की-रमसाठी २५ वर्षे आहे. साहजिकच लोकांना वाटते, बिअर सौम्य असणार.

आता हिशेब करू. ६५० मिलीच्या, ८ टक्के अल्कोहोल असलेल्या स्ट्राँग बिअरच्या एका बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल असते. व्हिस्कीच्या ६० मिलीच्या पेगमध्ये ते सुमारे २० ग्रॅम असते. म्हणजे एक बाटली बिअर ही जवळजवळ दोन मोठ्या पेगांएवढी झाली. यकृताला बाटलीवरचे लेबल वाचता येत नाही. ते फक्त ग्रॅम मोजते आणि तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच निकामी करू शकते. लिंबूपाणी, काळी कॉफी किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही.

रात्री ११ नंतर अशा दोन बाटल्या पिऊन कोणी १.३० ला बाहेर पडला, तर सकाळी कामावर निघतानाही त्याच्या रक्तात अल्कोहोल असू शकते. झोप झाली, डोके हलके वाटले, तरीही. गाडी चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम एवढीच आहे.

विक्रीच्या वेळेने खरेच फरक पडतो का? पडतो. नॉर्वेतील १८ शहरांच्या अभ्यासात, बार बंद होण्याची वेळ एका तासाने वाढली की रात्रीच्या मारहाणीच्या घटना सुमारे १६ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याने २०१० मध्ये रात्री १० ते पहाटे ५ दुकानांतील मद्यविक्री बंद केली. त्यानंतर १५ ते २४ वयाच्या तरुणांचे दारूमुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण सुमारे ७ टक्क्यांनी घटले. कारण सोपे आहे. पहिली बाटली बहुधा ठरवून आणलेली असते. रात्री उशिराची तिसरी बाटली मात्र दुकान उघडे असते म्हणून आणली जाते.

म्हणूनच ३१ डिसेंबरला परमिट रूमना पहाटे ५ पर्यंत दिली जाणारी सवलत मला पटत नाही. महसूल एका रात्रीचा असतो. अपघातातले अपंगत्व जन्मभराचे. पण वेळेचे बंधन सगळ्यांना पुरेसे नाही. ज्यांचे हात सकाळी दारूवाचून थरथरतात, त्यांना दुकानाची वेळ थांबवू शकत नाही. अशा व्यक्तीने एकदम दारू सोडल्यास फिट येणे, भ्रम होणे असे जिवावरचे प्रसंग येऊ शकतात. घरच्यांनी बाटली लपवून परीक्षा पाहू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधांच्या मदतीने दारू सोडवावी.

आणि पुढच्या वेळी डॉक्टरांनी विचारले, तर बिअरही मोजून सांगा: किती मिली, किती टक्के आणि आठवड्यातून किती वेळा.