परराष्ट्रांच्या सैनिकांबरोबर कवाईत कशासाठीं?

सन २०१६ च्या मार्च महिन्यांत पुण्याजवळ औंधच्या लष्करी तळावर १८ राष्ट्रांचे सैनिक आठवडाभर एकत्र राहिले. आग्नेय आशियांतील १० राष्ट्रें, आणि त्यांच्या जोडीला भारत, चीन, जपान, रशिया, अमेरिका, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड. यांपैकीं कित्येकांचें एकमेकांशीं मुळींच पटत नाहीं. कांहींनीं तर एकमेकांशीं युद्धेंही केलेलीं आहेत. तरी त्यांचे जवान एकाच मैदानावर जमिनींत पुरलेले सुरुंग कसे काढावे आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेंत गेल्यावर कसें वागावें, याचे धडे घेत होते. त्या सरावाचें नांव ‘फोर्स अठरा’. भारताच्या ४० जणांच्या पथकाचें नेतृत्व लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी यांच्याकडे होतें. सर्व पथकप्रमुखांत स्त्री अशी त्या एकट्याच. त्या बडोद्याच्या, म्हणजे आपल्या डहाणू स्थानकावरून उत्तरेस जाणारी गाडी कांहीं तासांत जेथें पोहोंचते तेथल्या. २००६ सालीं त्यांनीं कांगो देशांत शांतिसेनेंत प्रत्यक्ष काम केलें होतें.

असल्या बातम्या वाचून आपल्या भागांतील सुज्ञ पालकही दोन शंका काढतात. आपल्या सैन्याच्या युक्त्या परक्यांस कां दाखवाव्या? आणि आपल्या मुलांनीं परक्यांच्या भांडणांत जीव कां घालावा? शंका वाजवी आहेत व त्यांस उत्तर दिलें पाहिजे.

पहिलीचें उत्तर सोपें आहे. अशा सरावांत लढाईचीं गुपितें कोणी सांगत नाहीं. निर्वासितांच्या छावणीचें रक्षण कसें करावें, नाक्यावर गाडी कशी तपासावी, कोणत्या वेळीं गोळी झाडूं नये, हे तेथील विषय. सुरुंग शोधण्याचेंच पाहा. आधीं यंत्र जमिनीवरून हळूहळू फिरवावयाचें. त्यानें खूण दिली कीं बारीक सळई तिरपी खुपसून चांचपावयाचें. जेवढी जमीन निर्धोक ठरली तेवढीच फितीनें आंखून मग पुढें सरकावयाचें. एका वेळीं जेमतेम हातभर जमीन. घाईला तेथें जागाच नाहीं. यांत लपविण्यासारखें काय आहे?

२०१९ च्या मार्चमध्यें पुण्यासच आफ्रिकेंतील १७ राष्ट्रांच्या सैनिकांबरोबर असाच सराव झाला, आणि २०२३ मध्यें तो पुन्हा झाला. पहिल्या खेपेस आलेल्यांत मोझांबिकचे सैनिक होते. डहाणूच्या किनाऱ्यावरून पाहिलें तर समुद्रापलीकडला तो देश. दीर्घकाळच्या युद्धानें तेथील शेतें सुरुंगांनीं भरलीं होतीं. तीं साफ होऊन देश सुरुंगमुक्त झाल्याचें २०१५ सालीं जाहीर झालें. (आमच्या बालवाचकांस हें ऐकून मौज वाटेल कीं, त्या कामीं शिकविलेल्या मोठ्या उंदरांचाही उपयोग झाला. स्फोटक द्रव्याचा वास त्यांस येतो. आणि वजनानें हलके असल्यामुळें त्यांच्या पायाखालीं सुरुंग उडत नाहीं.) असे लोक पाहुणे म्हणून आले असतां आपल्या जवानांनीं त्यांस केवळ शिकविलें असेल, त्यांच्यापासून कांहीं घेतलें नसेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

शांतिसेना ही कोणा एका राष्ट्राची नसते. दहा देशांतून तुकड्या मागवून ती उभी करावी लागते. एकाचा हुकूम दुसऱ्यास कळत नाहीं, नकाशावरील खुणा निराळ्या, बिनतारी संदेशाची पद्धत निराळी. आणि पहिली भेट होते ती परक्या भूमीवर, संकटाच्या ऐन घटकेस. ही ओळख आधीं झालेली असावी, हाच या कवाईतींचा सगळा हेतु.

ओळख आधीं असण्याची किंमत तलासरी-डहाणूच्या लोकांस सांगावयास नको. २०१८ च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडी व आसपासच्या गांवांत धरणीकंपाचे धक्के बसूं लागले. लोक घरें सोडून थंडींत उघड्यावर निजले. मग राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाचे जवान आले, तंबू उभे राहिले. ते जवान मुळांत एका दलाचे नव्हेत. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल अशा निरनिराळ्या दलांतून ते घेतलेले असतात. एकत्र शिक्षण झालेलें असतें, म्हणूनच त्यांचे हात एकमेकांस अडत नाहींत. आम्हां गांवकऱ्यांस मात्र धक्का बसल्यावर कोठें उभें राहावें हें धक्के बसूं लागल्यावर शिकावें लागलें.

दुसरी शंका जड आहे. शांतिसेनेंत आजवर अडीच लाखांहून अधिक भारतीय गेले. दीडशेहून अधिक परत आले नाहींत. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया ५ डिसेंबर १९६१ रोजीं कांगोंतील एलिझाबेथव्हिल येथें पडले व त्यांस परमवीरचक्र मिळालें. ज्या आईचा मुलगा असा जातो तिला ‘विश्वशांति’ हा शब्द सांगून समाधान होत नाहीं, हें आम्ही जाणतों. पण शांतिसेना नसल्यास काय होतें, हेंही पाहिलें पाहिजे. एप्रिल १९९४ मध्यें रवांडांत बेल्जियमचे दहा शांतिसैनिक मारले गेले. बेल्जियमनें आपली तुकडी काढून घेतली, आणि २१ एप्रिल रोजीं सुरक्षा परिषदेनें तेथील सेना २७० वर आणण्याचा ठराव केला. शंभर दिवसांत सुमारें आठ लाख माणसें कापलीं गेलीं. तेथें कवाईत कमी पडली नव्हती, राष्ट्रांचें मन कमी पडलें. तोच रवांडा आज शांतिसेनेस सर्वांत अधिक सैनिक देणाऱ्या देशांत आहे. ज्यांस कोणी वांचविलें नाहीं, ते दुसऱ्यांस वांचविण्यास निघाले. याहून मोठें उत्तर आम्हांस देतां येत नाहीं.

तथापि या व्यवस्थेंत सर्वच गोड आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. श्रीमंत राष्ट्रें मुख्यतः पैसा देतात. माणसें देतात तीं नेपाळ, बांगलादेश, रवांडा, भारत यांसारखीं राष्ट्रें. पैसा एकाचा व रक्त दुसऱ्याचें, ही वांटणी न्यायाची नव्हे. दुसरें असें कीं, माणसांस मारणारे सुरुंग कोणीं करूं नयेत व वापरूं नयेत, असा करार १९९७ सालीं ओटावा येथें झाला. औंधच्या मैदानावर सुरुंग काढण्यास शिकणारीं राष्ट्रें पाहा: अमेरिका, रशिया, चीन आणि आपला भारतही या करारांत नाहीं. आपल्या देशाची भूसीमा लांब व धोक्याची आहे, हें कारण आम्हांस कळतें. मनास मात्र तें पटत नाहीं. न्यूयॉर्क येथें राष्ट्रसंघाच्या बागेंत तलवार ठोकून नांगराचा फाळ करणाऱ्या पुरुषाचा एक पुतळा आहे. ती कल्पना यशया संदेष्ट्याच्या ग्रंथांतील, आणि पुतळा १९५९ सालीं सोव्हिएत रशियानें भेट दिलेला. त्याआधीं तीनच वर्षें त्याच रशियाचे रणगाडे हंगेरींत शिरले होते! तरी पुतळा काढून टाकावा असें आम्हांस वाटत नाहीं. ज्यानें दिला त्यासही तो कधींतरी पाहावाच लागतो.

राष्ट्रसंघानें २९ मे हा शांतिसैनिकांचा दिवस ठरविला आहे. त्या सुमारास आमच्या शाळेस उन्हाळ्याची सुट्टी असते, त्यामुळें तो दिवस आजवर कोणाच्या लक्षांत राहिला नाहीं. जून महिन्यांत शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यांत एक तास त्यासाठीं काढावा, आणि भूगोलाच्या शिक्षकांनीं जगाच्या नकाशावर कांगो, मोझांबिक व रवांडा मुलांकडून शोधून घ्यावे, अशी आमची मुख्याध्यापकांस नम्र सूचना आहे.