चुना, मळी आणि दहा हजार युनिट

'धुरापासून इंधन' छापाची बातमी दर दोन महिन्यांनी कुणीतरी फॉरवर्ड करतंच. खाली ठरलेली ओळ, नवा उत्प्रेरक सापडला, आता प्रश्न सुटला! माझं मत विचाराल तर उत्प्रेरक हा यातला त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. (सोपा म्हणजे रसायनवाल्यांना. आपण आपला कोड लिहावा.)

कार्बन डायऑक्साइड हा भलताच निवांत रेणू. दोन्ही बाजूंनी ऑक्सिजन घट्ट धरून बसलेत, कुणाशी काही घेणंदेणं नाही. त्याला हलवायला धातूच्या ऑक्साइडचा पृष्ठभाग कामी येतो. तिथला ऑक्सिजन आपले इलेक्ट्रॉन कार्बनपुढे करतो, सरळ रेषेतला रेणू वाकतो आणि कार्बोनेट होऊन तिथेच बसतो. एकदा वाकला की मग त्याच्याकडून काहीतरी करून घेता येतं.

यातलाच एक प्रकार शिवनेरीला गेलात तर जुन्या बांधकामात दिसेल. विझवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं घेत राहतो आणि पुन्हा चुनखडीचा दगड होतो. त्याची पकड इतकी, की सोडवायला भट्टी ९०० अंशांच्या आसपास तापवावी लागते. भिंतीला हे झकास, उत्प्रेरकाला कुचकामी. उत्प्रेरकाने पाहुण्याला बसवावं, चहा पाजावा आणि वाटेला लावावं. मुक्कामी ठेवून घेऊ नये. म्हणून मेथॅनॉलच्या कारखान्यात १९६० च्या दशकापासून तांबं, झिंक ऑक्साइड आणि ॲल्युमिना यांचं मिश्रण वापरतात. तांब्यावर हायड्रोजन फुटतो, शेजारच्या झिंक ऑक्साइडच्या कडेला कार्बन डायऑक्साइड टेकतो, २००-३०० अंशांत काम होतं. चीनमधल्या आन्यांगला २०२२ साली सुरू झालेल्या कारखान्याची क्षमता वर्षाला १ लाख १० हजार टन मेथॅनॉलची आहे, आणि गंमत म्हणजे कार्बन डायऑक्साइड येतो चुनाभट्टीतून!

आता जुन्नर-आंबेगावकडे या. विघ्नहर आणि भीमाशंकर हे इथले दोन सहकारी साखर कारखाने. मळीपासून इथेनॉल बनवताना यीस्ट जेवढं इथेनॉल देतं, जवळपास तेवढ्याच वजनाचा कार्बन डायऑक्साइड सोडतं, तोही बऱ्यापैकी शुद्ध. चिमणीच्या धुरासारखा गाळत बसायला नको. मग साखरपट्ट्यातच मेथॅनॉल का करू नये?

हिशोब करू. १ टन मेथॅनॉलला सुमारे १.४ टन कार्बन डायऑक्साइड आणि १९० किलो हायड्रोजन लागतो. (आन्यांगला हायड्रोजन कोळशाच्या कोक भट्ट्यांच्या वायूतून येतो, ते बातमीत सहसा नसतं.) विजेने पाणी फोडून तो मिळवायचा तर किलोमागे ५०-५५ युनिट. म्हणजे टनाला साधारण १० हजार युनिट वीज घालायची, आणि मेथॅनॉल जाळून मिळणार साडेपाच हजार युनिटांएवढी उष्णता. उत्प्रेरक फक्त वेग वाढवतो. आपल्या भाषेत, क्वेरी फास्ट झाली, पण खात्यात बॅलन्सच नाही.

आणि ही वीज मागायची कुठे? जिथे शेतकरी पंपाला दिवसा वीज द्या म्हणून कधीचा ओरडतोय, कारण रात्री पाणी धरायला जावं तर उसात बिबट्या. ५ हॉर्सपॉवरचा पंप ८ तास चालला तर ३० युनिट होतात. एका टनाच्या विजेत तो पंप सव्वातीनशेहून जास्त दिवस चालेल. सौर वीज उद्या खरोखर उतू जायला लागली तर जरूर मेथॅनॉल करा. जहाजांना आणि रसायन उद्योगाला ते हवंच आहे. पण दिवसाचं पहिलं युनिट पंपाला गेलं पाहिजे, यावर मी वाद घालायला तयार आहे.

तोवर त्या वायूचं काय? शुद्ध करून सिलिंडरात भरा, सोडा-कोल्ड्रिंकवाल्यांना विका, कोरडा बर्फ करा. काही डिस्टिलऱ्या हे करतातही. त्यातला बराचसा पुन्हा हवेतच जातो, मान्य. पण त्याला हायड्रोजन लागत नाही.