शरदातलं फणसाड

यंदाच्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर फणसाडचं रान आहे. चित्र पाहून आमच्यातल्या एकाने लगेच विचारलं, "शरद ऋतू म्हणता, मग पानगळ कुठंय?" ही विलायती चित्रांनी आपल्या डोळ्यांना लावलेली सवय. तिकडे शरदात झाडं तांबडी-पिवळी होतात. मुरूड-रोह्याच्या डोंगरात आश्विन-कार्तिकात रान हिरवंच असतं, पानं झडतात ती शिशिरात. आपला शरद ओळखायचा तो सुकू लागलेल्या गवतावरून आणि पावसाने धुऊन काढलेल्या स्वच्छ उन्हावरून. चित्रकाराने तो नेमका तिथेच ठेवलाय.

आता पाणवठ्यापाशी (इथले लोक त्याला गाण म्हणतात) उभं असलेलं भेकर पाहा. मान खाली, एक कान मात्र मागे वळलेला. वर फांदीवर शेकरू, आपला राज्यप्राणी. तांबूस पाठ, खाली लोंबणारी झुबकेदार शेपटी. आणि दोघांच्या मधे, गवतात, अर्धवट कुरतडलेलं एक फळ. मला सगळं चित्र त्या फळात दिसतं. वरच्याने टाकलं, खालचं खाणार. अंगावरचा केस न् केस हुबेहूब रंगवणं हे हाताचं कसब. ते फळ तिथे सुचायला मात्र रानात तासन् तास बसावं लागतं.

हे जंगल एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं. १९८६ साली ते अभयारण्य झालं. पान उलटण्याआधी भेकराच्या त्या वळलेल्या कानाकडे एकदा नीट बघा.